दुःस्वप्न : निदान, चिकित्सा आणि औषधविवेक

प्रस्तावना

‘झोप लागते, पण भयंकर स्वप्ने पडतात. दचकून जाग येते आणि मग पहाटेपर्यंत डोळ्याला डोळा लागत नाही.’ ही तक्रार प्रत्येक चिकित्सकाच्या परिचयाची आहे. अशा रुग्णास व्यवहारात बहुधा अनिद्रेचा रुग्ण समजले जाते. चिकित्सक एखादी निद्राजनक वटी लिहून देतो. पुष्कळदा रुग्ण चिकित्सकापर्यंत येतही नाही. तो थेट औषधाच्या दुकानात जाऊन ‘शांत झोपेचे काहीतरी आयुर्वेदिक द्या’ असे म्हणतो आणि त्यास ती वटी मिळतेही.

वास्तविक अनिद्रा व दुःस्वप्न या दोन भिन्न अवस्था आहेत. अनिद्रेत निद्रा येत नाही अथवा टिकत नाही. दुःस्वप्नाच्या रुग्णास निद्रा येते, परंतु त्याच निद्रेत मन भयभीत होते. पुढे निद्रेचीच भीती बसते, रुग्ण झोपण्याचे टाळू लागतो आणि अनिद्रा ही दुःस्वप्नाचा परिणाम म्हणून उत्पन्न होते. येथे कारण व कार्य यांची गल्लत झाल्यास चिकित्सा चुकते. स्वप्नाचा प्रकार, स्वप्नाची वेळ आणि रुग्ण घेत असलेली औषधे या तीन गोष्टी विचारल्याशिवाय दुःस्वप्नाच्या रुग्णास कोणतेही निद्राजनक द्रव्य देऊ नये, हे प्रस्तुत लेखाचे प्रतिपाद्य आहे. न विचारता दिलेले औषध काही वेळा त्याच दुःस्वप्नाचे कारण ठरते.

निद्रा व स्वप्न : संहितांचे विवेचन

चरकसंहितेच्या सूत्रस्थानातील ११व्या अध्यायात आहार, निद्रा व ब्रह्मचर्य हे शरीराचे तीन उपस्तंभ सांगितले आहेत. याच स्थानातील २१व्या अध्यायात निद्रेचे सविस्तर विवेचन येते. मन थकले आणि इंद्रिये श्रांत होऊन आपापल्या विषयांपासून निवृत्त झाली म्हणजे निद्रा येते, असे तेथे प्रतिपादन आहे. तमोभव, श्लेष्मसमुद्भव, मनःशरीरश्रमसंभव, आगंतुक, व्याध्यनुवर्तिनी व रात्रिस्वभावप्रभव असे निद्रेचे सहा प्रकार चरकाचार्यांनी मानले आहेत. त्यांपैकी रात्रिस्वभावप्रभव निद्रा हीच प्राणिमात्रांचे धारण करणारी, स्वाभाविक निद्रा होय.

स्वप्नाचे विवेचन इंद्रियस्थानाच्या ५व्या, म्हणजे पूर्वरूपीय अध्यायात आहे. त्यातील दोन मुद्दे चिकित्सकाने ध्यानात ठेवावेत. पहिला मुद्दा असा की, मनुष्य अतिगाढ निद्रेत नसताना, इंद्रियांचा स्वामी जे मन त्याच्या योगे स्वप्ने पाहतो. दुसरा असा की, मनोवह स्रोतसे अतिबलवान दोषांनी भरून गेली म्हणजे दारुण स्वप्ने दिसतात. पहिल्या मुद्द्याने स्वप्नाचा संबंध निद्रेच्या विशिष्ट अवस्थेशी, तर दुसऱ्याने दोषांच्या स्थितीशी जोडला आहे. दुःस्वप्न हे अशा रीतीने एक लक्षण ठरते. लक्षणाचे शमन करावयाचे तर त्याच्या मुळाचा शोध घेणे क्रमप्राप्त आहे.

सप्तविध स्वप्नांचा निदानासाठी उपयोग

चरकाचार्यांनी दृष्ट, श्रुत, अनुभूत, प्रार्थित, कल्पित, भाविक व दोषज असे स्वप्नांचे सात प्रकार सांगितले असून त्यांतील पहिले पाच अफल मानले आहेत. सुश्रुताचार्यांनीही सूत्रस्थानाच्या २९व्या अध्यायात स्वतःच्या प्रकृतीस अनुरूप पडलेले, विसरलेले, चिंतेमुळे पडलेले व दिवसा पाहिलेले स्वप्न अफल म्हटले आहे. भयभीत रुग्णास धीर देण्यासाठी हे वचन फार उपयोगी पडते. ‘स्वप्नात आई गेलेली दिसली, आता काय होणार?’ अशा शंकेने खचलेल्या रुग्णास हे स्वप्न चिंतेतून आलेले असून त्यास भविष्याचे फळ नाही, असे शास्त्राच्याच आधाराने सांगता येते. आधुनिक समुपदेशकाच्या शब्दांपेक्षा अशा रुग्णास हा आधार अधिक पटतो, कारण तो त्याच्या श्रद्धेला धक्का न लावता भीती दूर करतो.

निदानाच्या दृष्टीने हे प्रकार पुढीलप्रमाणे लावावेत.

दृष्ट व श्रुत स्वप्नांत दिवसा पाहिलेले व ऐकलेले पुन्हा दिसते. रात्री झोपेपर्यंत भ्रमणध्वनीवर अपघात, गुन्हे, हिंसा यांची दृश्ये पाहणाऱ्या रुग्णाची स्वप्ने बहुधा या गटात येतात. येथे औषधापूर्वी रात्रिचर्या सुधारावी.

अनुभूत स्वप्नात प्रत्यक्ष भोगलेला प्रसंग पुनःपुन्हा दिसतो. ३० सप्टेंबर १९९३ रोजी पहाटे ४च्या सुमारास, गणेशविसर्जनाच्या रात्री लोक गाढ झोपेत असताना, किल्लारीचा भूकंप झाला. अशा आपत्तीतून, अपघातातून, अत्याचारातून वा जिवलगाच्या आकस्मिक मृत्यूतून वाचलेल्या व्यक्तीस तोच प्रसंग स्वप्नात दिसत राहणे ही आघातोत्तर मानसिक व्याधीची प्रमुख खूण आहे. या रुग्णाची चिकित्सा केवळ वटी-चूर्णाने होत नाही, याचा विचार पुढे केला आहे.

प्रार्थित व कल्पित स्वप्नांत अपुरी इच्छा व कल्पना यांचे प्रतिबिंब असते. परीक्षा, नोकरी, विवाह, कर्ज यांची चिंता येथे शोधावी.

दोषज स्वप्नांत दोषांची लक्षणे पाहावीत. वाताधिक्यात आकाशात उडणे, वृक्ष-पर्वतांवर चढणे. पित्ताधिक्यात अग्नी, विद्युत्, सूर्य व रक्तवर्ण पुष्पे. कफाधिक्यात जलाशय, कमळे, मेघ अशी स्वप्ने वर्णिलेली आहेत. स्वप्नाचा विषय, रुग्णाची प्रकृती, अग्नी व कोष्ठ यांचा मेळ बसला तरच स्वप्न दोषज समजून शमन योजावे. केवळ स्वप्नावरून दोषनिर्णय करू नये.

याखेरीज व्याधीच स्वप्नात उतरते, हाही विचार आपल्या संहितांत आहे. सुश्रुतांनी प्रमेहात जलपानाची, रक्तपित्तात रक्तपानाची, श्वासात मार्गक्रमणाची स्वप्ने अरिष्टाच्या संदर्भात सांगितली आहेत. त्यांचा अरिष्ट म्हणून विचार बाजूस ठेवला तरी, दुःस्वप्नाच्या रुग्णाचा शारीरिक व्याधी शोधावा हा बोध त्यातून घेण्यासारखा आहे. इन्सुलिन अथवा ग्लिबेनक्लामाइड, ग्लिमेपिराइड यांसारखी औषधे घेणाऱ्या मधुमेही रुग्णाची रक्तशर्करा रात्री अतिशय उतरल्यास दुःस्वप्ने पडतात, अंग घामाने भिजते व सकाळी डोके दुखते. अशा रुग्णास निद्राजनक वटी देणे म्हणजे धोक्याची सूचना दाबून टाकणे होय. घोरणाऱ्या स्थूल रुग्णास गुदमरण्याची स्वप्ने पडत असतील तर निद्रेतील श्वासावरोधाचा विचार करावा.

स्वप्नाची वेळ

१९५३ साली शिकागो विद्यापीठातील युजीन ॲसेरिन्स्की व नॅथॅनियल क्लाइटमन यांनी निद्रेत डोळ्यांच्या जलद हालचाली होणारी एक स्वतंत्र अवस्था असल्याचे दाखविले. प्रौढ व्यक्तीत निद्रेचे एक चक्र सुमारे ९० मिनिटांचे असते. एकूण निद्रेपैकी सुमारे २० ते २५ टक्के भाग या जलदनेत्रगती निद्रेचा असून उत्तररात्री तो वाढत जातो. स्पष्ट व लांबलचक स्वप्ने मुख्यतः याच अवस्थेत पडतात. चरकांच्या ‘अतिगाढ नसलेल्या’ निद्रेचे येथे स्मरण होते. दोन्ही विचार एकच आहेत असा दावा करण्याचे मात्र कारण नाही.

या ज्ञानाचा व्यावहारिक उपयोग असा की, केवळ वेळ विचारून चार अवस्था वेगळ्या करता येतात.

१) उत्तररात्री किंवा पहाटे जाग येते, रुग्ण तत्काळ शुद्धीवर असतो आणि स्वप्न तपशिलासह सांगतो. हे खरे दुःस्वप्न.

२) झोप लागल्यापासून पहिल्या एक-दोन तासांत, विशेषतः बालक, किंचाळून उठते, डोळे उघडे, घामाघूम, नाडी जलद, पण कोणास ओळखत नाही आणि सकाळी काहीही आठवत नाही. हे दुःस्वप्न नसून गाढ निद्रेतील निशाभय होय. अशा बालकास हलवून जागे करण्याचा प्रयत्न करू नये. ते पडणार नाही एवढी काळजी घ्यावी, झोपेची वेळ सांभाळावी. बहुसंख्य बालकांत वयानुसार हा त्रास आपोआप थांबतो. घरच्या वडीलधाऱ्यांनी दृष्ट काढली तर त्यास हरकत नाही. मात्र बालकास दरडावणे व त्याच्यासमोर भुताखेतांची चर्चा करणे कटाक्षाने टाळावे.

३) जाग आली आहे, डोळे उघडे आहेत, परंतु हात-पाय हलत नाहीत व छातीवर कोणी बसल्याचा भास होतो. ही निद्रास्तंभाची अवस्था काही सेकंदांत ते मिनिटांत ओसरते. जागरण व उताणे झोपणे यांनी ती वाढते. ‘ही बाधा नव्हे’ एवढे समजावून सांगितल्यानेच अनेक रुग्णांची भीती जाते.

४) पन्नाशी ओलांडलेला रुग्ण स्वप्नात लाथा-बुक्क्या मारतो, ओरडतो, पलंगावरून पडतो. ही अवस्था १९८६ साली शेंक व महोवाल्ड यांनी वर्णिली. पुढे पार्किन्सन व तत्सदृश मज्जाव्याधींचे ते पूर्वरूप असू शकते, असे दिसून आले. अशा रुग्णास मज्जासंस्थेच्या तज्ज्ञाकडे पाठवावे.

औषधजन्य दुःस्वप्ने

रुग्ण आपल्याकडे येतो तेव्हा तो बहुधा आधीच दोन-चार औषधे घेत असतो. ती विचारून घेणे हा निदानाचा अपरिहार्य भाग आहे. पुढील औषधांनी दुःस्वप्ने पडू शकतात, हे सुस्थापित आहे.

रक्तदाब, धडधड, अर्धशिशी यांसाठी दिली जाणारी प्रोप्रॅनोलॉल व मेटोप्रोलॉल ही औषधे मेंदूत सहज शिरतात. कंपवातासाठीची लेव्होडोपा व तिच्या वर्गातील अन्य औषधे, स्मृतिभ्रंशासाठी रात्री घेतलेले डोनेपेझिल, एचआयव्हीवरील एफाव्हिरेंझ, हिवतापावरील मेफ्लोक्विन, तंबाखू सोडविण्यासाठीचे व्हॅरेनिक्लीन व निकोटिनच्या पट्ट्या, तसेच नैराश्यावरील काही औषधे यांचाही यात समावेश होतो. सर्दी-दम्यासाठी बालकांना सर्रास दिल्या जाणाऱ्या मॉन्टेल्युकास्टबाबत अमेरिकेच्या औषध प्रशासनाने मार्च २०२० मध्ये मानसिक दुष्परिणामांविषयी सर्वांत कडक स्वरूपाचा इशारा दिला. त्या दुष्परिणामांत दुःस्वप्नांचाही उल्लेख आहे. बालकास अचानक दुःस्वप्ने सुरू झाली असतील तर हे औषध चालू आहे काय, हा प्रश्न सर्वप्रथम विचारावा.

दीर्घकाळ घेतलेल्या झोपेच्या गोळ्या अथवा मद्य एकदम बंद केल्यावरही तीव्र स्वप्ने पडतात. मद्याविषयी विशेष सांगणे आवश्यक आहे. चरकांनी निद्राजनक उपायांत मद्याचा उल्लेख केला आहे. परंतु मद्यामुळे पूर्वरात्रीची स्वप्नावस्था दडपली जाते व उत्तररात्री ती उसळून येते, त्यामुळे दुःस्वप्नाच्या रुग्णास मद्य वर्ज्यच समजावे. आसव-अरिष्टांतही स्वयंजनित मद्यांश असतो. मद्य सोडलेल्या रुग्णास ती देऊ नयेत.

आपल्या द्रव्यांचाही येथे निःपक्षपातीपणे विचार करावयास हवा. कपिकच्छू, म्हणजे खाजकुहिलीच्या बीजांत नैसर्गिक लेव्होडोपा असतो. कंपवाताच्या चालू औषधांवर वाजीकरणाचे एखादे पाक वा चूर्ण घेतले गेल्यास एकूण मात्रा वाढते व स्वप्ने उग्र होऊ शकतात. पारसीक यवानी, म्हणजे खुरासनी ओवा, तसेच धत्तूर यांनी वृद्धांत भ्रम व भयप्रद आभास निर्माण होतात.

औषध हे कारण वाटले तरी ते आपण होऊन बंद करण्यास सांगू नये. प्रोप्रॅनोलॉलसारखे औषध एकाएकी थांबविल्यास हृदयविकाराचा झटका येऊ शकतो. ज्या डॉक्टरांनी ते दिले त्यांना चिठ्ठी लिहून आपला संशय कळवावा. बहुधा पर्यायी औषध किंवा घेण्याची वेळ बदलणे शक्य असते.

सर्पगंधेचा धडा

निद्रेसाठी आपल्या वर्गात सर्वाधिक वापरले जाणारे द्रव्य म्हणजे सर्पगंधा. तिचा आधुनिक इतिहास आपल्या अभिमानाचा विषय आहे. १९३१ साली कविराज गणनाथ सेन व कार्तिकचंद्र बोस यांनी उन्माद व उच्च रक्तदाब यांतील तिच्या उपयोगाविषयी लेख प्रसिद्ध केला. मुंबईचे हृद्रोगतज्ज्ञ डॉ. रुस्तम जाल वकील यांनी १९४९ साली ‘ब्रिटिश हार्ट जर्नल’मध्ये उच्च रक्तदाबावरील आपले निरीक्षण मांडले आणि जगाचे लक्ष या वनस्पतीकडे वेधले. १९५२ साली स्वित्झर्लंडमधील सिबा कंपनीच्या संशोधकांनी तिच्यातील रिसर्पिन हे अल्कलॉइड वेगळे केले. १९५७ साली डॉ. वकील यांना लास्कर पुरस्कार मिळाला.

या इतिहासाचा उत्तरार्ध मात्र आपल्या पाठांत क्वचितच येतो. रिसर्पिन मेंदूतील सेरोटोनिन, नॉरॲड्रिनॅलिन व डोपामिन यांचे साठे रिकामे करते. त्यामुळे शांतता व सुस्ती येते. परंतु त्याच कारणाने काही रुग्णांत नैराश्य येते व दुःस्वप्ने पडतात. रिसर्पिनच्या अधिकृत औषधमाहितीत दुःस्वप्नांची नोंद असून, पहाटे लवकर जाग येणे, उदासीनता, भूक मंदावणे व स्वतःविषयी हीनतेची भावना ही लक्षणे दिसताच औषध थांबविण्याची सूचना आहे. नैराश्याचा पूर्वेतिहास, आमाशय वा ग्रहणीतील व्रण आणि बृहदंत्राचा व्रणशोथ असलेल्या रुग्णांस ते निषिद्ध आहे. औषध थांबविल्यानंतरही त्याचा परिणाम पुष्कळ दिवस टिकतो.

वनस्पतीच्या चूर्णातील रिसर्पिनची मात्रा शुद्ध अल्कलॉइडपेक्षा पुष्कळ कमी असते हे खरे. तरीही गुणधर्म तोच आहे. ‘वनस्पती म्हणून निरुपद्रवी’ हा समज येथे टिकत नाही. पित्तप्रधान, उच्च रक्तदाबयुक्त, उद्दीप्त रुग्णाच्या अनिद्रेत, देखरेखीखाली व अल्पकाळ सर्पगंधेचे स्थान जरूर आहे. दुःस्वप्न ही मुख्य तक्रार असताना, विशेषतः मन खचलेले असताना, तिचे स्थान नाही. आधीपासून रक्तदाबाच्या गोळ्या घेणाऱ्या रुग्णाचा रक्तदाब तिच्यामुळे अधिक उतरू शकतो. कंपवाताच्या रुग्णास तर ती देऊच नये.

पुढील प्रसंग व्यवहारात सहज घडण्यासारखा आहे. समजा, चाळिशीतील एक स्त्री पतीच्या निधनानंतर झोप लागत नाही म्हणून दुकानातून सर्पगंधायुक्त वटी घेते. आरंभी झोप लागते. तीन-चार आठवड्यांनी तिला पहाटे भयंकर स्वप्ने पडू लागतात, अन्नावरची वासना जाते. ‘त्रास वाढला’ म्हणून ती वटीची संख्या वाढविते. शोकाचे नैराश्य आणि औषधाचे नैराश्य येथे एकमेकांत मिसळतात. या ठिकाणी जिवाला धोका संभवतो, कारण वारंवार पडणारी दुःस्वप्ने व आत्महत्येचे विचार यांचा संबंध अनेक अभ्यासांतून दिसून आला आहे. हा क्रम थांबविण्यासाठी कोणाकडे तरी एक प्रश्न असावा लागतो : ‘ही गोळी केव्हापासून घेता आणि स्वप्ने केव्हापासून पडतात?’

चिकित्सा

निदान परिवर्जन प्रथम. व्याधी व औषधे यांचा विचार झाल्यावर पुढील क्रम ठेवावा.

रात्रिचर्या : निजण्याची व उठण्याची वेळ रोज एकच असावी. सायंभोजन लघु असावे व ते निजण्यापूर्वी किमान दोन-तीन तास आटोपावे. जड, तिखट, विदाही अन्नाने रात्री वारंवार जाग येते व जाग आल्यामुळे स्वप्न अधिक आठवते. चहा-कॉफी दुपारनंतर बंद. निजण्यापूर्वी तासभर भ्रमणध्वनी व दूरचित्रवाणी दूर ठेवावी. दिवास्वाप ग्रीष्म ऋतूव्यतिरिक्त टाळावा. निद्राजनक आहारात चरकांनी दह्यासह शालीचा भात सांगितला आहे, परंतु रात्री दही निषिद्ध मानले आहे. म्हणून ते योजावयाचे झाल्यास दिवसाच्या भोजनात योजावे. रात्री दूध द्यावे. म्हशीचे दूध निद्राकर असले तरी गुरू आहे. अग्नी मंद असल्यास गाईचेच द्यावे.

अभ्यंग : शिर, कर्ण व पाद यांच्या अभ्यंगाचे महत्त्व दिनचर्येत सांगितलेच आहे. निजण्यापूर्वी दहा मिनिटे तळपायांस तिळाचे तेल वा तूप जिरवून काशाच्या वाटीने घासण्याची आपल्याकडील घरगुती पद्धत सोपी व निर्धोक आहे. वाताधिक्यात क्षीरबला तैलाची शिरोधारा वा शिरःपिचू, पित्ताधिक्यात क्षीरधारा योजावी. ज्वर, अजीर्ण व प्रतिश्याय असताना या क्रिया करू नयेत.

औषधे : वाताधिक्यात अश्वगंधा चूर्ण ३ ते ६ ग्रॅम दुधासह. निद्रेवर तिचा माफक उपयोग अल्पकालीन चाचण्यांत दिसला आहे. गर्भिणी, अवटु ग्रंथीची क्रिया वाढलेले रुग्ण व यकृतविकार यांत ती टाळावी. पित्ताधिक्यात जटामांसी २ ते ३ ग्रॅम, ब्राह्मी, शंखपुष्पी, कोहळ्याचे योग. कफाधिक्यात व घोरणाऱ्या रुग्णास निद्राजनक द्रव्ये न देता लंघन, व्यायाम व कूस बदलून निजण्याचा सल्ला द्यावा. कोणतेही औषध दोन-तीन आठवड्यांनी पुन्हा तपासल्याशिवाय पुढे चालू ठेवू नये.

स्वप्न बदलण्याचा अभ्यास

अनुभूत स्वप्नांत सर्वाधिक आधार असलेली पद्धत औषधाविना आहे. तिला ‘इमेजरी रिहर्सल थेरपी’ म्हणतात. बॅरी क्राकोव व सहकाऱ्यांनी २००१ साली ‘जर्नल ऑफ द अमेरिकन मेडिकल असोसिएशन’मध्ये लैंगिक अत्याचार सोसलेल्या १६८ स्त्रियांवरील चाचणी प्रसिद्ध केली. केवळ तीन बैठकांच्या शिक्षणाने दुःस्वप्ने लक्षणीय प्रमाणात कमी झाली. अमेरिकन अकॅडमी ऑफ स्लीप मेडिसिनने २०१८ च्या आपल्या मतपत्रात या पद्धतीची शिफारस केली आहे. त्याच वर्षी प्राझोसिन या औषधाच्या ३०४ माजी सैनिकांवरील मोठ्या चाचणीत मात्र औषध व निष्क्रिय गोळी यांत फरक आढळला नाही.

पद्धत अशी : रुग्णाने दिवसा, उजेडात, एक दुःस्वप्न निवडावे, आरंभी सर्वांत भयंकर स्वप्न घेऊ नये. ते थोडक्यात लिहावे. मग त्यास रुचेल तसा बदल करून नवे स्वप्न लिहावे. पाठलाग करणारा माणूस ओळखीचा निघतो, बंद दार उघडते, पाण्यात बुडताना पायाखाली पायरी लागते. बदल रुग्णाने स्वतः सुचवावा, वैद्याने नव्हे. हे नवे स्वप्न रोज १० ते २० मिनिटे डोळे मिटून मनासमोर आणावे. जुन्या स्वप्नाची उजळणी करू नये.

चरकांनी इंद्रियस्थानात म्हटले आहे की, अशुभ स्वप्नानंतर तेथेच पुन्हा सौम्य व शुभ स्वप्न दिसल्यास फळ शुभ समजावे. आपल्या रुग्णास ही पद्धत समजावून देताना या विचाराचा धागा सहज उपयोगी पडतो. सुश्रुतांनी अशुभ स्वप्न कोणास सांगू नये असेही म्हटले आहे. भीती घरभर पसरू नये हा त्याचा हेतू मानावा. वैद्यास सांगण्यास त्याचा प्रतिबंध आहे असा अर्थ काढल्यास निदानच अशक्य होईल. सुश्रुतोक्त स्नान, दान, जप व देवालयातील वास हे उपाय रुग्णाच्या श्रद्धेस अनुसरून करावेत. त्यांनी मनास स्थैर्य येते. खर्चिक शांतिकर्मांसाठी भीती वाढविणे मात्र वैद्यधर्मास शोभणारे नाही.

औषधविक्रेत्यांची जबाबदारी

सिद्धयोगसंग्रहातील सर्पगंधा घनवटीत सर्पगंधेबरोबर खुरासनी ओवा व भांग ही द्रव्ये असतात. ही दोन्ही द्रव्ये औषधे व सौंदर्यप्रसाधने नियम, १९४५ च्या अनुसूची ई(१) मध्ये विषद्रव्ये म्हणून अंतर्भूत आहेत. अशा द्रव्यांनी युक्त, पोटात घ्यावयाच्या औषधाच्या वेष्टनावर ते वैद्यकीय देखरेखीखाली घ्यावे, असा सावधगिरीचा इशारा ठळकपणे छापणे नियम १६१ अन्वये बंधनकारक आहे. तो इशारा असलेली वटी चिठ्ठीवाचून मागणाऱ्याच्या हाती देणे म्हणजे वेष्टनावरील शब्द निरर्थक करणे होय. माल घेताना घटकद्रव्ये व हा इशारा दुकानदाराने स्वतः पाहावा.

काउंटरवर चार प्रश्न पुरेसे आहेत. झोप लागत नाही की स्वप्ने पडतात? आणखी कोणती औषधे चालू आहेत? वय किती, गर्भिणी आहे काय? मन उदास असते काय? शेवटच्या तीनपैकी एकाही उत्तराने शंका आली तर गिऱ्हाईकास वैद्याकडे पाठवावे. अशा गिऱ्हाईकास तळपायाचे तेल देता येईल, वटी नको.

नामसाधर्म्याचाही विचार हवा. महाराष्ट्रात ‘ब्राह्मी’ या नावाने बहुधा मंडूकपर्णी दिली जाते व खऱ्या ब्राह्मीस जलब्राह्मी म्हणतात. वैद्याने चिठ्ठीत कोणती अपेक्षित आहे ते स्पष्ट लिहावे आणि विक्रेत्याने शंका आल्यास विचारून घ्यावे.

तज्ज्ञांकडे केव्हा पाठवावे

आत्महत्येचे विचार, आघातजन्य वारंवार स्वप्ने, निद्रेत मारहाण अथवा पलंगावरून पडणे, निद्रेतील श्वासावरोधाची शंका, अपस्माराचा संशय, तसेच मद्य किंवा झोपेच्या गोळ्यांचे व्यसन या परिस्थितींत विलंब करू नये. केंद्र शासनाने ऑक्टोबर २०२२ मध्ये सुरू केलेली ‘टेलि-मानस’ ही १४४१६ या क्रमांकावरील विनामूल्य सेवा मराठीतही उपलब्ध आहे. हा क्रमांक चिकित्सालयात व दुकानात दर्शनी लावावा.

उपसंहार

दुःस्वप्नाच्या रुग्णपत्रकात पुढील नोंदी असाव्यात : स्वप्नाची वेळ, जाग आल्यावर शुद्ध व स्मरण, स्वप्नाचा विषय व सप्तविधांपैकी प्रकार, आठवड्यातून किती वेळा, आरंभाची तारीख, चालू असलेली सर्व औषधे, आपली व इतरांची, प्रत्येकाच्या आरंभाच्या तारखेसह, मद्य व तंबाखू, घोरणे, मधुमेह, मनाची स्थिती. या नोंदींस दहा मिनिटे लागतात. स्वप्नाच्या आरंभाची तारीख व औषधाच्या आरंभाची तारीख शेजारी शेजारी लिहिल्या की पुष्कळ वेळा निदान त्याच ओळीत दिसते. अशा वेळी नवे औषध लिहिण्याची गरजच उरत नाही. जुन्या औषधाचा फेरविचार हीच चिकित्सा ठरते.